लिबर्टी आतून वाचवा, आणि वेळेत वाचवा

मुंबईतल्या धोबी तलावच्या चौकात मेट्रो आजही ऐटीत उभं आहे. एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीनं १९३८ मध्ये बांधलेलं हे थिएटर येणाऱ्या-जाणाऱ्याला बाहेरून अगदी ओळखीचं वाटतं. पण १९५४ मध्ये ज्या प्रेक्षागृहात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले, ते बघायला आत गेलात तर सापडणार नाही. २००६ मध्ये मेट्रोचं मल्टिप्लेक्स झालं आणि दीड हजारांच्या आसपास खुर्च्यांचं ते एकसंध दालन अनेक पडद्यांमध्ये वाटलं गेलं. दर्शनी भाग राहिला, फॉयरमधल्या काही खुणा राहिल्या, थिएटर मात्र गेलं.

चर्चगेटसमोरच्या इरॉसचंही फार वेगळं झालं नाही. वास्तुरचनाकार शोराबजी भेडवार यांच्या आराखड्यातून उभी राहिलेली ही लाल वालुकाश्माची इमारतही १९३८ चीच. अनेक वर्षं बंद राहून २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. तिचं काळं-पांढरं संगमरवरी फॉयर, जिने, कठडे निगुतीनं दुरुस्त झाले, याचं श्रेय संबंधितांना द्यायलाच हवं. पण बाराशे माणसं एकत्र बसायची ते मूळ प्रेक्षागृह आता नाही. त्या जागी सुमारे तीनशे खुर्च्यांचा आयमॅक्स पडदा आहे. इरॉस जमीनदोस्त झालं नाही याचा आनंद आहेच. तरीही मूळ प्रेक्षागृहांच्या यादीतलं आणखी एक नाव खोडलं गेलं, हेही खरं आहे.

मेट्रोपासून चालत काही मिनिटांवर, बॉम्बे हॉस्पिटलच्या शेजारी, लिबर्टी आहे. दक्षिण मुंबईतल्या आर्ट डेको शैलीतल्या बड्या थिएटरांपैकी फॉयरपासून पडद्यापर्यंत जवळजवळ मूळ रूपात टिकलेलं हे दुर्मीळ थिएटर. म्हणून हे आवाहन करतो आहे. दारावर बंदीची नोटीस लागली, पत्रे ठोकले गेले, आतली लाकडं ट्रकमध्ये चढली, की मग आपण मेणबत्त्या घेऊन फूटपाथवर उभे राहतो. बैल गेला नि झोपा केला, हा आपला नेहमीचा रिवाज. लिबर्टीच्या बाबतीत तो मोडायचा असेल तर बोलायची वेळ आत्ता आहे, सगळं जागच्या जागी असताना.

लिबर्टी १९४९ मध्ये सुरू झालं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, आणि नाव त्यावरूनच ठेवलेलं. त्या काळी फोर्टाच्या बाजूच्या उंची थिएटरांत इंग्रजी चित्रपटांचा मान मोठा. रीगल, इरॉस, मेट्रो ही सुटाबुटातल्या प्रेक्षकांची ठिकाणं. हिंदी चित्रपट पाहायचा तर लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड, गिरगावची वाट धरावी लागे. हबीब हुसेन या कापसाच्या व्यापाऱ्यानं ठरवलं, की सर्वांत देखणं थिएटर बांधायचं आणि ते हिंदी चित्रपटासाठी बांधायचं. पहिला चित्रपट लागला मेहबूब खान यांचा ‘अंदाज’. दिलीपकुमार, राज कपूर आणि नर्गिस पडद्यावर, आणि भोवती असं वैभव, जे तोवर इथल्या भाषेतल्या चित्रपटाच्या वाट्याला क्वचितच आलं होतं. गिरगावातल्या चाळीतून चालत आलेलं कुटुंब त्या गालिच्यावरून वर गेलं असेल, तेव्हा आपल्या भाषेतल्या करमणुकीलाही असा मान मिळू शकतो, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज उरली नसेल.

इमारतीचा आराखडा रिडली अ‍ॅबट यांनी सुरू केला. त्यांच्या अकाली निधनानंतर जे. बी. फर्नांडिस यांनी काम पुरं केलं. अंतरंग घडवलं ते वामन मोरेश्वर नामजोशी यांनी. हे नाव किती मराठी माणसांना ठाऊक आहे? जयपूरला गेलेला प्रत्येक मराठी पर्यटक राजमंदिर थिएटर पाहून थक्क होतो, फोटो काढतो, घरी येऊन वर्णन करतो. १९७६ मध्ये उघडलेलं ते राजमंदिरही याच नामजोशींचं. नाटककार, गायक, दिग्दर्शक यांच्या जन्मशताब्द्या आपण थाटात साजऱ्या करतो. ज्यांनी आपल्याला चित्रपट कुठे बसून पाहायचा ती जागा दिली, त्यांच्या नावानं साधी पाटीही लावत नाही. नामजोशींच्या हातची पाटी म्हणजे लिबर्टीचं अंतरंग. ती पुसली गेली तर दुसरी लिहिता येणार नाही.

आत काय आहे, ते जरा जवळून पाहू. पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरमध्ये घडवलेली कारंजी आहेत. पाणी उसळून टप्प्याटप्प्यानं खाली यावं आणि नेमक्या त्या क्षणी थिजावं, तशी. हा आर्ट डेकोचा जगभर लाडका आकार. न्यूयॉर्कच्या लिफ्टच्या दारांवर, पॅरिसच्या दिव्यांवर तो दिसतो. इथे तो एका मजल्याहून उंच झाला आहे आणि त्याच्या कडांमागे दिवे दडवले आहेत. दिवा दिसत नाही, उजेड तेवढा झिरपतो. छताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पट्ट्यांतही हीच युक्ती आहे. चित्रपट सुरू व्हायच्या आधी हा उजेड हळूहळू उतरत जातो, आणि अंधार होईपर्यंत आपले डोळे पडद्यासाठी तयार झालेले असतात. बर्मा सागवान आणि कॅनडाहून आणलेलं सीडर लाकूड भिंतींना आहे. ते नुसतं नजरेच्या सुखासाठी नव्हे. लाकूड, प्लास्टरचे उंचवटे आणि खाचा आवाज कुठे शोषतात, कुठे पसरवतात. मागच्या रांगेतल्या माणसालाही संवाद स्वच्छ ऐकू यावा, हा त्या नक्षीचा हेतू. सौंदर्य आणि उपयोग इथे एकाच रेषेत काढलेले आहेत. वर एक छोटेखानी प्रीव्ह्यू थिएटरही आहे, मोजक्या खुर्च्यांचं. निर्माते, वितरक, समीक्षक तिथे बसून चित्रपट पाहत.

या वास्तूत २५ ऑक्टोबर १९५७ रोजी, ऐन दिवाळीत, ‘मदर इंडिया’चा प्रीमियर झाला आणि पुढे वर्षभराहून अधिक काळ तो इथे चालला. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला, तोही शंभराहून अधिक आठवडे. मधल्या काळात मुंबईत दूरदर्शन आलं, व्हिडिओ आला, केबल आली. तरी माणसं घरातून उठून, नवे कपडे घालून, आजीला टॅक्सीत बसवून लिबर्टीला येत राहिली. अलीकडे इथे चित्रपट महोत्सव झाले, मैफली झाल्या. म्हणजे ही जागा नव्या पिढीलाही हवीशी वाटते.

मग अडचण कुठे आहे? अडचण हिशोबात आहे, आणि तो हिशोब मालकाच्या बाजूनंही नीट समजून घेतला पाहिजे. हजार-बाराशे खुर्च्यांचं थिएटर आठवड्यातल्या मंगळवारच्या दुपारच्या खेळालाही तेवढंच थंड ठेवावं लागतं, तेवढंच झाडावं लागतं. मालमत्ता कर, वीज, माणसांचे पगार खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून कमी होत नाहीत. मल्टिप्लेक्स आली तेव्हा राज्य सरकारनं त्यांना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक करात मोठी सवलत दिली. शेजारच्या जुन्या एकपडदा थिएटरांना मात्र पूर्ण कर भरावा लागला. त्यातच दक्षिण मुंबईतल्या जमिनीचा भाव. त्या भावापुढे रोज तिकीट विकून टिकणं हा कुणाही मालकाला हट्टच वाटेल. लिबर्टी आज उभं आहे ते एका कुटुंबाच्या अशाच हट्टामुळे. पण एका कुटुंबाच्या हट्टावर शहराचा वारसा किती दिवस ठेवायचा?

वारसा वाचवायला कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. मुंबईनं १९९५ मध्ये देशातली पहिली शहरी वारसा नियमावली केली, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. त्या नियमावलीत पहिल्या श्रेणीच्या वास्तूंना आतून-बाहेरून कडक संरक्षण आहे. पण श्रेणी खाली येते तसं आतलं संरक्षण सैल होत जातं. दुसऱ्या श्रेणीत छाननीनंतर अंतर्गत बदल करता येतात आणि तिसऱ्या श्रेणीत त्याहून जास्त मोकळीक आहे. सरकारी कचेरीसाठी किंवा जुन्या निवासी इमारतीसाठी हे कदाचित चालेल. थिएटरसाठी चालत नाही. थिएटरचा खरा वारसा आत असतो. ‘बाहेरची भिंत ठेवली’ असं म्हणणं म्हणजे आंबा कापून खाऊन झाल्यावर साल जपून ठेवल्यासारखं आहे. २०१८ मध्ये युनेस्कोनं मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यानंतर तरी आर्ट डेको म्हणजे गोलाकार गॅलऱ्या आणि बाहेरची अक्षरं, एवढ्यावर आपण थांबता कामा नये.

अंतरंगाला वेगळं संरक्षण देता येतं. न्यूयॉर्क शहरानं १९७३ मध्ये आपल्या वारसा कायद्यात तशी तरतूद केली. रेडिओ सिटी म्युझिक हॉल हे १९३२ चं आर्ट डेको प्रेक्षागृह १९७८ मध्ये बंद पडायच्या बेतात होतं. लोकांनी आवाज उठवला, आणि शहराच्या आयोगानं इमारतीचं अंतरंग वारसा म्हणून जाहीर केलं. आज तिथे कार्यक्रम होतात, तिकिटं विकली जातात. आपल्याकडेही उदाहरण आहे आणि ते अगदी घराजवळचं आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं. धूळ, गळती, वाळवी यांनी ते पोखरलं होतं. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं २०१२ च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घातलं. आभा नारायण लांबा यांच्या नेतृत्वाखाली काम झालं. जुने फोटो आणि कागदपत्रं धुंडाळून आतलं रूप परत उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. पुढल्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. ज्या ऑपेरा हाऊसला लोकांनी गेलेलं धरलं होतं ते परत येऊ शकतं, तर ज्याचं सगळं अजून शाबूत आहे ते लिबर्टी का टिकू नये?

उलट बाजूचं उदाहरणही आपण विसरू नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या रंगमंचाचं आणि छपराचं काय झालं ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. कोल्हापूरकर रस्त्यावर रडत होते. नाट्यगृह पुन्हा बांधता येतं आणि बांधलंच पाहिजे. पण ज्या फळ्यांवर थोरांची पावलं पडली त्या फळ्या बाजारात मिळत नाहीत. लाकूड, कापूस, जुनी वायरिंग यांनी भरलेलं प्रत्येक जुनं प्रेक्षागृह त्या रात्रीपासून फक्त एका ठिणगीच्या अंतरावर आहे. मुंबईनंही अशा वास्तू गमावल्या आहेत. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ जिथे लागला ते कॉरोनेशन आणि १९३१ मध्ये ‘आलम आरा’ जिथे बोलू लागला ते मॅजेस्टिक, ही दोन्ही थिएटरं आज नाहीत. भारतीय चित्रपटाच्या दोन जन्मस्थळांपैकी एकही आपण राखू शकलो नाही. तिसऱ्यांदा तेच करायचं का?

आगीपेक्षाही वाईट शत्रू म्हणजे चांगल्या हेतूनं केलेली डागडुजी. थिजलेल्या कारंज्याच्या बारीक कडांवर दर दोन-चार वर्षांनी रंगाचा एक थर चढला, की दहा-पंधरा वर्षांत त्या कडा बोथट होतात, आणि मग कारंजं नुसतं ढेकूळ दिसू लागतं. दडवलेल्या मऊ पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी बसले, की ते छत हॉटेलच्या लॉबीसारखं दिसायला लागतं. एसीच्या नळ्यांसाठी सीडरच्या फळीत भोक पडलं, वर सनमायका चिकटला, की पुढल्या माणसाला मूळ काय होतं हेही कळत नाही. म्हणून पहिली गरज पैशाची नाही, नोंदीची आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडतो.

पहिली मागणी मुंबई महापालिकेच्या वारसा समितीकडे. लिबर्टीच्या नोंदीत प्रेक्षागृह, फॉयर, जिना, प्रीव्ह्यू थिएटर, प्लास्टरकाम, लाकूडकाम आणि प्रकाशयोजना यांची नावं घेऊन नोंद व्हावी. या भागांत कोणताही बदल करायचा तर समितीची परवानगी लागेल, असं ठरावात लिहिलं जावं. आणि लिबर्टीपुरतं थांबू नये. रीगलपासून उपनगरांतल्या थिएटरांपर्यंत प्रत्येक जुन्या प्रेक्षागृहाची अशी पाहणी व्हावी.

दुसरी मागणी राज्य सरकारकडे. मालकावर नुसती बंधनं लादून वास्तू टिकत नाही. वारसा वास्तूच्या मालकाला न वापरता आलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देण्याची तरतूद नियमांत आहे. थिएटरांसाठी तिची प्रक्रिया सोपी आणि ठराविक मुदतीत पुरी होणारी करावी. मूळ अंतरंग राखून चित्रपट दाखवणाऱ्याला मालमत्ता करात आणि विजेच्या दरात सवलत द्यावी. मल्टिप्लेक्सांना एकेकाळी दिली तशीच, फक्त या वेळी टिकवणाऱ्याला. आग प्रतिबंधक यंत्रणा बसवायला अनुदान द्यावं आणि ती बसवताना लाकूड-प्लास्टर कापलं जाणार नाही, याची जबाबदारी वारसा जाणणाऱ्या तज्ज्ञांकडे असावी.

तिसरी मागणी आपल्या चित्रपटसृष्टीकडे, आणि ही मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. मराठी चित्रपटाला थिएटर मिळत नाही, प्राइम टाइम मिळत नाही, असं आपण दर काही महिन्यांनी ओरडतो. ते खरंही आहे. मग एका मराठी माणसानं सजवलेल्या या दालनात मराठी चित्रपटांचे प्रीमियर का होऊ नयेत? जुन्या मराठी चित्रपटांच्या सुधारलेल्या प्रती काढल्या जातात, त्या आधी इथल्या मोठ्या पडद्यावर दिसाव्यात. निर्मात्यांनी एखाद्या मॉलऐवजी लिबर्टी निवडलं, तर थिएटरला भाडं मिळेल आणि चित्रपटाला मान.

चौथी मागणी वास्तुकला महाविद्यालयांकडे. या अंतरंगाची मापं घेऊन रेखाचित्रं करा, प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, रंगाचे जुने थर तपासा. ऑपेरा हाऊसला जुने फोटो मिळाले, म्हणून त्याचं रूप परत आणता आलं. तुमच्या एका सेमिस्टरच्या कामाच्या आधारावर शंभर वर्षांनंतरही कुणी दुरुस्ती करू शकेल.

आणि शेवटची मागणी तुमच्याकडे. कुणी म्हणेल, थिएटर खासगी मालकीचं आहे, त्यात आमचं काय? थिएटरची भिंत मालकाची असते, पण पंचाहत्तर वर्षांच्या गर्दीनं त्याला थिएटर बनवलेलं असतं. कुणी म्हणेल, चित्रपट आता मोबाईलवरच दिसतो. दिसतो. पण अनोळखी हजार माणसांबरोबर एकाच वेळी हसणं मोबाईलवर होत नाही, आणि बाराशे माणसांच्या टाळ्यांचा नाद दोनशे खुर्च्यांच्या खोलीत घुमत नाही. लिबर्टीत महोत्सव असेल, जुना चित्रपट असेल, मैफल असेल, तर तिकीट काढा. मुलांना न्या. चित्रपट सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं पोहोचा आणि त्यांना छत दाखवा, कारंजी दाखवा, दिवे कुठे दडले आहेत ते शोधायला लावा. तुमच्या घरात जुन्या लिबर्टीचे फोटो, तिकिटं, चित्रपटांच्या पुस्तिका असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. त्यांची स्वच्छ छायाचित्रं काढून वारशाचं काम करणाऱ्यांना द्या. मालकांना भेटलात तर आधी आभार माना, मागण्या नंतर.

आणि पत्र लिहा. वारसा समितीला, आपल्या आमदाराला. चार ओळी पुरेत: लिबर्टीचं अंतरंग नाव घेऊन वारसा यादीत घ्या, आणि ते सांभाळणाऱ्याला करात सवलत द्या. सोसायटीच्या सभेत, चित्रपट मंडळात, महाविद्यालयाच्या वाचनालयात ही चार ओळींची पत्रं सह्यांसाठी फिरवा. एक पत्र फाइलमध्ये जातं. पाच हजार पत्रं समितीच्या विषयपत्रिकेवर जातात. आजच बसा आणि पहिलं पत्र तुम्ही लिहा.